मलमलीच्या तीन पट्ट्या

होळी होऊन पंधरा दिवस झाले होते. चारुलताच्या घरात सकाळची नेहमीची धांदल होती. सिगडीवर भाताचं आधण होतं. ताराची एक वेणी घालून झाली होती, दुसरी सुटी होती. मार्तंड बनियनवर उभा राहून इस्त्रीचा शर्ट शोधत होता, आणि मागच्या खोलीत त्याची आई, सिंधूताई, पलंगावर बसून गरम पाणी घोट घोट घेत होत्या. तेवढ्यात समोरच्या दारावर ठक ठक ठक झालं. हाताचा आवाज नव्हता, लाकडाचा होता.

"आली वं," सिंधूताई आतून म्हणाल्या. "खुरप्याच्या दांड्यानं दार ठोकणारी साऱ्या सक्करदऱ्यात एकच आहे."

चारुलतानं कडी काढली. दारात प्रेमिला उभी होती. डोक्यावर खसचा, म्हणजे वाळ्याच्या मुळांचा भारा, खांद्यावर सुतळीचं बिंडोळं, हातात खुरपं. मागे तिचा नवरा गोविंदा सायकलरिक्षातून लाकडाच्या भुश्याची पोती उतरवत होता.

"चारुताई, कूलर काढला नाई अजून? आजी भाजून निघतीन ना!"

मार्च लागला की नागपुरात ज्याच्या घरी कूलर आहे त्याला खस भरणारी माणसं आठवतात. कूलर म्हणजे तरी काय, लोखंडी पेटी, आत मोठा पंखा आणि तीन बाजूंना जाळीत भरलेल्या खसच्या ताट्या. त्यांच्यावर पाणी ठिबकत राहतं, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या खसमधून ओढतो, नि बाहेरची लू, तो भाजणारा वारा, घरात शिरता शिरता गार होतो. ताट्या दरवर्षी उपसून नव्यानं भराव्या लागतात. प्रेमिला इंदोऱ्याहून येऊन तेच काम करत होती, आणि तिच्या आधी तिची आई मीराबाई. मीराबाईच्या वेळेला कूलर नव्हते. तेव्हा ती सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या दारा-खिडक्यांना खसचे पडदे बांधून द्यायची आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायला माणूस ठेवलेला असायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा प्रेमिला दहा वर्षांची होती. त्यानंतर मीराबाई कुठल्याच बंगल्याच्या मागच्या दारानं गेली नाही. चार घरं तुटली, तरी गेली नाही. लेकीनं आईकडून खस बांधायची गाठ घेतली तशी ही सवयही घेतली. पहिल्या वर्षी सिंधूताईंनी "मागून ये" म्हटलं होतं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "कूलर समोरच्या खिडकीत लावता आजी, तं मी मागून काहून येऊ?" त्या गोष्टीला आता पाच वर्षं झाली होती.

अंगणात बसून प्रेमिलानं जुन्या ताट्या खुरप्यानं मोकळ्या करायला घेतल्या. हे काम पाहायला चारुलताला आवडायचं. ती बी.ए. झालेली, घरातली सगळी मासिकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. पण प्रेमिला जुनी खस वाचायची, ते वाचन तिला काही केल्या जमत नव्हतं.

"समोर कोणी भिंत पाडली का मागच्या साली? चुना आहे याच्यात. आन हे पाहा, अक्षता! बाजूले लगन झालं वाटते. हे पारव्याचं पीस." मग तिनं डाव्या ताटीचा एक पुंजका नाकाशी नेला आणि गालात हसली. "सर, तुमी सिगरेट पिता का?"

मार्तंडचा हात शर्टाच्या बाहीत अडकला. "मी? नाही बुवा."

"मंग या कोपऱ्यात उभं राहून रोज कोणी तरी पिते. राखाडी एकाच बाजूले आहे."

तो कोपरा म्हणजे जिन्याखालची जागा. रात्रीच्या जेवणानंतर मार्तंड तिथे "जरा मोकळी हवा घ्यायला" जायचा. चारुलतानं त्याच्याकडे पाहिलं. तो कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. शंभर पोरांना तो मोजमापातल्या चुका समजावून सांगायचा, पण त्या सकाळी घड्याळाकडे पाहून तो न जेवताच निघून गेला.

कूलर सुरू झाला. घर वाळ्याच्या वासानं भरून गेलं. समोरची खोली गार, मधलं स्वयंपाकघर त्याहून थोडं कमी, आणि शेवटी सिंधूताईंची खोली. या वर्षी मार्तंडनं आईला बजावलं होतं, "तुझी मागची खिडकी उघडी ठेवत जा. हवेला बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर कूलर काम करत नाही." सिंधूताई ठेवायच्या.

आठवडाभरात त्यांचा दमा उठला. दर वर्षी थोडा उठायचाच, पण या वेळी संध्याकाळी चार-पाच वाजले की छातीत शीळ वाजायला लागायची आणि बसून रात्र काढायची पाळी यायची. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली. खिडकीतला कूलर पाहिला.

"हा ओलावा बरा नाही यांना. एकतर कूलर बंद करा, नाहीतर उन्हाळाभर यांना कोरड्या हवेत ठेवा. गावी कोणी आहे का?"

गावी कोणी होतं. कुहीला सिंधूताईंचे धाकटे दीर देवराव होते, त्यांचं मोठं घर होतं. सिंधूताईंनी कोणाला बोलूच दिलं नाही. "मी जाते ना कुहीले. नागपूरच्या उन्हाळ्यात पोरीले काय बिनकूलरचं भाजता? देवरावले पत्र टाक, अखजीले येऊन घेऊन जाईल." आणि मग, ताराला हाक मारून, "चल वं, सतराचा पाढा म्हण."

तारानं सतरा सक एकशे चार म्हटलं. एरवी चूक सापडली की सिंधूताईंना कोण आनंद व्हायचा. त्या दिवशी त्यांच्या लक्षातच आलं नाही. चारुलतानं ते पाहिलं. उन्हाळा म्हणजे अडीच महिने. त्यानंतर पावसाळ्यात दमा वाढतो, म्हणून दिवाळी. आणि एकदा गेलेलं म्हातारं माणूस गावीच राहून जातं, हे तिनं माहेरी पाहिलं होतं. आजीनं घरात राहायचं की नाही, ते अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत ठरायचं होतं. जेमतेम चार आठवडे हातात होते.

रविवारी ताटी घट्ट करायला प्रेमिला आली, तेव्हा चारुलतानं तिला सगळं सांगितलं. प्रेमिलानं खुरपं खाली ठेवलं.

"डॉक्टर मोठा माणूस आहे ताई, पन खस ओली राहून सडली तं आजार करते. रोज पाणी बदललं, आठ दिवसांनी उन्हात टाकली, तं खस कोणाचं वाईट करत नाई. उलट धूळ तिच्यातच अडकते. मी दर साली पाचसेर माती काढतो एकेका कूलरातून. थे माती कोणाच्या छातीत गेली असती?"

खिडकीत उभा असलेला मार्तंड एकदम बाहेर आला. कॉलेजच्या वाचनालयात त्यानं एक लेख वाचला होता, गिरण्यांमधली हवा पाण्याच्या पडद्यातून नेऊन धुतात असा. "म्हणजे कूलर हे हवा धुण्याचंच यंत्र आहे! फक्त आपण ते थंडाव्यापुरतं वापरतो. प्रेमिलाबाई, समजा ताटी दुप्पट जाड केली?"

"पंखा रडंल."

"मग?"

"दोन पातळ करू. मधात चार बोटं जागा. बाहेरची कोरडी, भुश्याची, थे मोठी माती धरंल. आतली ओली, खसची, थे बारीक धरंल. पंखा हळू चालवा."

मार्तंड तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "करा."

दोन दिवस अंगणात ठोकाठोक चालली. प्रेमिला बांधत होती, गोविंदा पत्रा कापत होता, आणि मार्तंड पट्टीनं चार बोटं किती होतात ते मोजत होता. प्रेमिलाची चार बोटं आणि त्याची चार बोटं यांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला, त्यावर वाद झाला, आणि शेवटी कूलर प्रेमिलाच्या बोटांनी झाला.

पण हवा खरंच धुतली जाते हे कळणार कसं? मार्तंडनं कॉलेजातून दोन थर्मामीटर आणले. एकाच्या टोकाला ओलं फडकं बांधलं. दोघांच्या आकड्यांत अंतर मोठं तर हवा कोरडी, अंतर कमी तर दमट. ते सिंधूताईंच्या भिंतीवर टांगले. आणि धुळीसाठी चारुलतानं जुन्या पांढऱ्या मलमलीच्या तीन पट्ट्या फाडल्या. एक बाहेर ओसरीत, एक कूलरच्या तोंडाशी, एक आजीच्या खोलीत. आठ दिवस टांगायच्या, रविवारी उतरवायच्या, वहीत डकवायच्या, वर तारीख घालायची.

"घरात चिंध्या लोंबकळवून ठेवल्या," सिंधूताई म्हणाल्या. "लोक कूलर पाहायले येऊन राहिले, आन आमच्याकडे तोरण पाहा!"

आणि लोक येत होते, हे खरं होतं. दुहेरी ताटीची बातमी गल्लीत पसरली होती. पलीकडच्या पुष्पलताबाई तर दोनदा येऊन गेल्या.

रविवारी मार्तंडनं पट्ट्या उतरवल्या आणि ओरडलाच. कूलरची पट्टी पांढरी. आजीच्या खोलीतली पांढरी. "काय सांगत होतो! हवा धुतली गेली. शंभर टक्के!"

"बाहेरचीसुद्धा पांढरीच आहे की," चारुलता म्हणाली.

"ती पत्र्याच्या आडोशाला आहे."

पण सिंधूताईंची शीळ काही थांबली नव्हती. उलट वाढली होती. मार्तंडचा आनंद जेवणाच्या पानावर बसेपर्यंत मावळला. हवा स्वच्छ आहे आणि तरी त्रास होतो, म्हणजे डॉक्टरांचंच खरं, ओलावाच बाधतो. त्यानं थर्मामीटरचे आकडे पाहिले, अंतर चांगलं होतं, खोली दमट नव्हती. ते त्याला जुळेना. तरी जेवण झाल्यावर त्यानं देवरावकाकांना लिहायला कार्ड काढलं. सिंधूताईंनी आपली पितळी पेटी पलंगाखालून ओढली नि पुसायला घेतली.

दुपारी प्रेमिला खस उन्हात टाकायला आली. वही ओसरीवर उघडी पडली होती. तिनं पट्ट्या पाहिल्या, एकदा मार्तंडकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसता हसता खालीच बसली.

"काय झालं?" मार्तंड म्हणाला.

"सर, एप्रिल महिन्यात नागपूरच्या ओसरीत आठ दिवस टांगलेलं फडकं, आन पांढरं? मले बी सांगा ना कोणतं साबण लावता!"

तिनं पट्टी नाकाशी नेली. "नीळ. नीळ दिली आहे याले."

मग सगळ्यांच्या माना हळूहळू मागच्या खोलीकडे वळल्या. सिंधूताई दारातच उभ्या होत्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "रोज दुपारी तुम्ही झोपता, तवा मी धुवून टाकत होते. पाच मिनिटात वाळतात या उन्हात. पाहुणे येऊन राहिले, आन दारात मळकं फडकं! माह्या घरात नाही चालत असं."

"आई!" मार्तंडनं कपाळावर हात मारला. "अगं तो प्रयोग होता!"

"तं सांगायचं ना, मळू द्यायचा प्रयोग आहे म्हणून! मले वाटलं, पांढरं राहते का नाही हे पाहून राहिला. मी पांढरं ठेवलं."

चारुलताला हसू आवरेना. ताराला तर काही कळलंच नाही, पण तीही हसत सुटली. सिंधूताई आधी रागावल्या, मग त्यांनाही खुदकन हसू आलं, आणि हसण्यानं खोकला आला. प्रेमिलानं धावत जाऊन त्यांची पाठ चोळली.

"आजी, एक आठवडा. फक्त आठ दिवस. नका धुवू."

"जीव वर-खाली होईल माझा त्या चिंध्या पाहून."

"होऊ द्या. कुहीले जाण्यापरीस बरा."

त्या शब्दावर सिंधूताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. मार्तंडनं लिहायला घेतलेलं कार्ड तसंच वहीत ठेवलं.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. पुष्पलताबाई आल्या तेव्हा सिंधूताई ओसरीतली पट्टी पाठीनं झाकून उभ्या राहिल्या आणि अर्धा तास तिथून हलल्या नाहीत. पण धुतल्या नाहीत.

पुढच्या रविवारी तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. बाहेरची तांबूस, मातीची. कूलरच्या तोंडाची बरीचशी पांढरी, जरा पिवळट. आणि सिंधूताईंच्या खोलीतली सगळ्यांत काळी.

मार्तंड चक्रावला. "असं कसं? बाहेरची धूळ कूलरमध्ये अडकते हे तर दिसतंय. मग आतल्या खोलीत जास्त कशी?"

प्रेमिलानं काळी पट्टी घेतली, झटकली. काही उडालं नाही. बोटानं चोळली, बोट काळं झालं, आणि चिकट.

"धूळ नाई हे. धूळ झटकली तं उडते. हा कोळसा आहे." तिनं मान वळवून घराकडे पाहिलं. समोरची खोली, मधात स्वयंपाकघर, मागं आजीची खोली. मग सिगडीकडे बोट केलं. "कूलर समोरून फुकते. हवा जाते कुठं? सिगडीवरून. आन बाहेर पडते कुठून? आजीच्या खिडकीतून. रोज चार वाजता चहा ठेवता ना ताई? थो सारा धूर कूलर उचलून आजीच्या उशाशी नेऊन ठेवते."

मार्तंड पाटावर बसला होता, तो उठून उभा राहिला. खिडकी उघडी ठेव, हे त्यानंच आईला बजावून सांगितलं होतं. हवेचा तो रस्ता त्यानं स्वतःच्या हातानं आखला होता. "मी गाढव आहे," तो म्हणाला.

"हो," सिंधूताई म्हणाल्या, "पण सिगरेट कमी केली तं सुधरशील."

मग एवढंच उरलं की कूलर आजीच्या खिडकीत न्यायचा, म्हणजे स्वच्छ हवा आधी त्यांना मिळेल आणि धूर समोरच्या दारानं बाहेर जाईल. यालाही सिंधूताईंनी विरोध केला. कूलर बैठकीत असला की आल्यागेल्याला दिसतो, म्हातारीच्या खोलीत ठेवला तर लोक काय म्हणतील? "लोकं म्हणतीन, आजीचा रुबाब आहे," गोविंदा म्हणाला, आणि त्यानं नि मार्तंडनं दोघांनी मिळून पेटी उचलली. मार्तंडचा अंगठा चेंगरला, चौकट छाटावी लागली, मागच्या अंगणातल्या कढीलिंबाची एक फांदी गेली. संध्याकाळी कूलर मागच्या खिडकीत घरघरत होता.

पहिल्या दोन रात्री काही फरक वाटला नाही. तिसऱ्या रात्री सिंधूताई आडव्या झोपल्या. सहाव्या दिवशी चार वाजता सिगडीवर चहा होता आणि त्या ताराला एकोणीसचा पाढा विचारत होत्या, आणि चूक सापडल्यावर त्यांनी टाळी वाजवली. डॉक्टर आले. त्यांनी छाती ऐकली, थर्मामीटरचे आकडे वाचले, वहीतल्या पट्ट्या उलटसुलट पाहिल्या, आणि म्हणाले, "ही वही मला दोन दिवस देता का?"

अखजीला देवराव आलेच. ते दर अखजीला येत. चिंचवणी प्यायले, पुरणपोळी जेवले, वहिनीच्या खोलीत दुपारी गार झोप काढली, आणि उठल्यावर म्हणाले, "वहिनी, आता मीच राहतो इथं." संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच परत गेले.

त्यानंतरच्या रविवारी प्रेमिला खस उन्हात टाकायला आली. आता पट्ट्यांची व्यवस्था सिंधूताईंकडे होती. कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पुष्पलताबाईंच्या घरी त्यांनी स्वतः जाऊन पट्टी बांधून दिली होती, आणि "धुवाल तर याद राखा" असं बजावूनही आल्या होत्या.

प्रेमिला उठायला लागली तशी सिंधूताईंनी तिला थांबवलं. आत गेल्या, हिरव्या काठाचं कोरं लुगडं घेऊन आल्या.

"घे वं. तुझ्यामुळं मी या घरात राहिले."

प्रेमिलानं लुगड्याच्या काठावरून हात फिरवला. छान आहे म्हणाली. पण घेतलं नाही, घडी करून परत पलंगावर ठेवलं.

"हे नको आजी. दुसरं मागू का?"

"माग ना."

"आमच्या घरात गोविंदा खोकते. चार साल झाले. एकाच खोलीत आमी झोपतो, तिथंच मी भुसा झाडतो, तिथंच चूल. मी बाकी साऱ्या नागपूरची खस पाहतो, घरी मात्र कूलर नाई, तं पाह्यले काही नाई." तिनं सुतळीचं बिंडोळं खांद्यावर चढवलं. "एक पट्टी घेऊन तुमी इंदोऱ्याले माह्या घरी या. कुठं टांगायची थे तुमी सांगा. आन आठ दिवसांनी पाह्यले परत या."